चिंतनाच्या खोलीबाहेर

१

क्लाईस गुरुजी गेल्याची बातमी गेंटमध्ये पसरली तेव्हा शहरातल्या कितीतरी प्रौढ, प्रतिष्ठित माणसांचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला. फ्लोरिमोंड क्लाईस यांचा जन्म सरकारी शाळेत भूगोल शिकवण्यात गेला होता, आणि नकाशावर नदी चुकली की पोराचा कान पिरगळल्याशिवाय ती जागेवर येत नाही अशी त्यांची समजूत होती. राग कायम नाकावर. घरीही तेच. पण मेलेल्या माणसाशी कोण भांडतो? ‘चांगला होता हो, जरा तापट एवढंच,’ असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले.

मेले मात्र ते विचित्र जागी. लिंडेटाक लॉजच्या तळघरात. फ्रीमेसन, म्हणजे त्या गुप्त बंधुमंडळाचे सभासद, व्हायला गेले होते त्या संध्याकाळी, आणि व्हायच्या आधीच गेले.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वय झालं होतं, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते एकट्या त्यांच्या मुलीला. अंत्यविधी उरकल्यावर गोडलीव्ह शेजारच्या आल्बेरिक रोगिर्सच्या दारात येऊन उभी राहिली. अंगात काळा कोट, हातात मखमलीची एक लहान पिशवी.

रोगिर्स हा पोलीस खात्यातून निवृत्त झालेला इन्स्पेक्टर. बायको इर्मा गेल्यापासून एकटाच राहायचा, एकटाच वाटाण्याचं सूप करून खायचा. तो लिंडेटाकचा जुना सभासद होता, पण त्या संध्याकाळी नेमकी कंबर धरली म्हणून अंथरुणात पडून होता. त्याची त्याला आता टोचणी लागली होती.

“काका, ह्यात काय नाही ते बघा,” असं म्हणून गोडलीव्हनं पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामी केली.

घड्याळ. लग्नाची अंगठी. किल्ल्या. थोडी चिल्लर. पितळी चापांचे पट्टे, ज्यांवर गुरुजींची विजार उभी राहत असे. रोगिर्सला ती पिशवी ओळखीची होती. लॉजमध्ये येणाऱ्या नव्या माणसाच्या अंगावरचा सगळा धातू आधी काढून घेतात. जगात जे चमकतं, खुळखुळतं, ज्याच्या जोरावर माणूस मिरवतो, ते उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं, असा त्यातला अर्थ. मग त्याला तळघरातल्या चिंतनाच्या खोलीत एकटं बसवतात. समोर कवटी, पाव, पाण्याची सुरई, एक मेणबत्ती. स्वतःकडे बघ म्हणतात. नंतर वर नेऊन त्याला बंधू करतात आणि पिशवी परत देतात.

“काय नाही?” त्यानं विचारलं.

“डबी. पेपरमिंटची, वर हिरवी पानं छापलेली. पत्र्याची.”

“गुरुजींना पेपरमिंट आवडायचं, हे माहीत आहे मला.”

“त्यांना पेपरमिंटचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही!” गोडलीव्ह एकदम म्हणाली. “त्यात छातीच्या गोळ्या असायच्या. जिभेखाली ठेवायच्या. पण आजारी आहे म्हणायची लाज ना! विद्यार्थी काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील. म्हणून पेपरमिंटच्या डबीत. गोळ्या आणायचे त्याही दूरच्या दुकानातून. डॉक्टर सोडून फक्त मला माहीत होतं. रोज सकाळी मीच ती त्यांच्या कोटाच्या खिशात घालायची.”

“त्या दिवशी?”

ती खाली बसली. “त्या दिवशी नाही घातली. भांडण झालं. मी म्हटलं, कशाला जाताय त्या नास्तिकांच्या तळघरात? म्हणाले, मला शांत व्हायचंय, स्वतःला घासूनपुसून बघायचंय. मला इतका संताप आला, काका! सगळा जन्म आमच्यावर ओरडण्यात घालवला. माझा भाऊ त्या ओरड्यापायी घर सोडून गेला, तो परत आला नाही. आणि शांत व्हायचं ते परक्यांकडे जाऊन? मी म्हटलं, तुमचं काही व्हायचं नाही बाबा. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.”

रोगिर्सनं किल्ल्या उचलून पिशवीत ठेवल्या.

“त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. टोपी घातली, दार हळूच ओढून घेतलं आणि गेले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मागाहून पाहिलं तर डबी टेबलावर नव्हती. घरात कुठंच नाही. म्हणजे त्यांनी स्वतः उचलली. खिशात सापडली नाही, पिशवीत नाही. तुमच्या लॉजकडे जाताना कालवा लागतो, त्यात टाकली असेल. पाद्रीबाबांना विचारायची हिंमत होत नाही मला. मला एवढंच सांगा काका, माझ्या बोलण्यावरून माझ्या बापानं जीव दिला का?”

मग तिनं डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

“आणि दिला नसेल, तर ती डबी तुमच्या बंधूंपैकी कुणाच्या खिशात आहे?”

२

लॉजचा रखवालदार सिरिल तळघरात गुडघ्यांवर बसून सुरीनं दगड खरवडत होता.

“या, रोगिर्ससाहेब. कंबर सुटली वाटतं? माझी धरायला आली बघा. हे मेण! फरशीवर मेण सांडू नये म्हणून मी कानीकपाळी ओरडतो, पण साहेबलोक मेले तरी माझं काम वाढवूनच मरतात.” आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्यानं टोपी काढली. “चुकलो. भला माणूस होता. लहानपणी त्यांनी माझाही कान पिळलाय.”

रोगिर्स वाकला. चिंतनाच्या खोलीच्या काळ्या भिंती, टेबलावर कवटी, कोरड्या पावाचा तुकडा. भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘आत उतर, तुझा ओबडधोबड दगड तिथंच आहे.’ दगड म्हणजे माणसाचा अजून न घडलेला स्वभाव. टेबलापासून दारापर्यंत मेणाचे थेंब पडले होते, लांब लांब, चालत्या माणसाच्या हातातून पडावेत तसे. उंबऱ्याशी मात्र थेंब नव्हते. तिथं मेणाचं थारोळं होतं, एकाच जागी साचलेलं. त्यापासून वीतभर अंतरावर मातीच्या मेणबत्तीदाणीचा गोल ठसा.

“मेणबत्ती कुठं होती, सिरिल?”

“तिथंच. दाराजवळ, जमिनीवर.”

“पडलेली?”

“छे! नीट उभी, जळत होती. गुरुजी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसल्यासारखे. चष्मा नाकावर.”

“स्टीलच्या काड्यांचा?”

“हो. थिओफिलसाहेबांनी राहू दिला असणार. चष्म्याशिवाय लिहिणार काय माणूस?”

थिओफिल बाएकेलांट हा औषधवाला. नव्या माणसाला तयार करायचं काम त्याचं. धातू तोच काढून घेई, खोलीत तोच नेऊन बसवी. कडी बाहेरून लावून बोळातल्या खुर्चीवर तोच बसे. आतल्या माणसाला द्यायच्या सूचना दोनच असत. समोरच्या कागदावर मनातलं लिही, आणि झालं की हळूच दार ठोठाव. तोवर बाहेरच्यानं एक अक्षर बोलायचं नाही.

“पिशवी कोणाकडे होती?”

सिरिलनं सुरी खाली ठेवली. “आलं ध्यानात. मी गोडघाशा, म्हणून पेपरमिंट मी लंपास केलं, असंच ना? ती बाई इथंही येऊन डबी डबी करून गेली. शपथेवर सांगतो, पिशवीला माझं बोट लागलं नाही. थिओफिलसाहेब ओरडले तसा मी खाली आलो, बघितलं, आणि सायकल काढून डॉक्टरकडे सुटलो. परत आलो तर सगळे बंधू कसे, पिठात लोळवल्यासारखे पांढरेफटक. थिओफिलसाहेब तेवढे लालबुंद. पायरीवर कपाळ दाबून बसलेले, शीर अशी ठणाठणा उडतेय. मला वाटलं, हाही जातोय. डॉक्टरला एका फेरीत दोन गिऱ्हाइकं.”

“रडला असेल.”

“रडला असेल,” सिरिलनं मान हलवली. “जुने दोस्त ते.”

रोगिर्स पुन्हा त्या थारोळ्याकडे बघत राहिला. जीव द्यायला बसलेला माणूस मेणबत्ती घेऊन दाराशी येऊन इतका वेळ उभा कशाला राहील?

३

लिंडेटाकचा अध्यक्ष गास्टन व्हेरहागे वकील होता. त्याच्या कचेरीत गेलं की तो पाहुण्याला नेहमी उजव्या हाताला बसवायचा. रोगिर्सला त्याचं कारण आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

“डाव्या कानानं मला ऐकू येत नाही,” गास्टन म्हणाला. “राइन नदी मी चुकीच्या देशात नेली होती. गुरुजींनी अशी लगावली की त्या बाजूचं जग कायमचं मुकं झालं. आता तू म्हणशील, हेतू सापडला.”

“म्हणतोच आहे.”

“मग हेही ऐक. ते सभासद व्हायला आले तेव्हा मतदानाला काळा गोळा मी हातात घेतला होता. एक काळा पडला की माणूस बाद, तुला माहीतच आहे. पण आदल्या आठवड्यात ते इथं आले. टोपी हातात घेऊन. विचारलं, कुठला कान? मी दाखवला. तर त्याच बाजूला येऊन उभे राहिले आणि बराच वेळ माझी माफी मागत होते.” तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “आल्बेरिक, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही रे. आणि पुन्हा म्हणा असं सांगायला तोंड उघडेना. मी पांढरा गोळा टाकला.”

रोगिर्सनं खिडकीबाहेर पाहिलं. सर्व संतांच्या सणाला कबरींवर वाहायची शेवंती विकणारी बाई अजून कोपऱ्यावर बसली होती.

“त्या संध्याकाळी तू कुठं होतास?”

“वर दालनात, सगळ्यांसमोर. कुणीही उठलं नाही, विचार हवं तर.”

“गुरुजींनी कागदावर काय लिहिलं?”

“काही नाही. कोरा होता. टाक शाईत बुडवलासुद्धा नव्हता. मुलीला तेवढं सांगू नकोस.”

“सांगावं लागेल कदाचित. थिओफिल मधे वर आला होता?”

“एकदा आला. दारातूनच म्हणाला, गुरुजींना अजून थोडा वेळ लागेल, थांबू या. आम्ही थांबलो. मग खूप वेळानं तो खालून ओरडला.” गास्टननं कपाळावरून हात फिरवला. “बिचारा. त्या दिवसापासून दुकानात शुद्धीवर नसतो. काल मला खोकल्याच्या औषधाऐवजी पायाला लावायचं मलम देत होता.”

रोगिर्स दारापर्यंत गेला आणि थबकला.

“गास्टन, बाहेर बसणाऱ्यानं आतल्याशी बोलायचं नसतं. दाराला फट नाही. मग गुरुजींना अजून वेळ लागेल, हे थिओफिलला कुणी सांगितलं?”

गास्टननं त्याला ऐकू येणारा कान पुढे केला, जणू प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. पण ऐकला होता. त्याचा चेहरा उतरत गेला.

४

घरी येऊन रोगिर्सनं सूप गरम केलं आणि खाल्लं नाही.

पोलीस खात्यात असताना तो एक गोष्ट शिकला होता. चोर शोधायच्या आधी चोरलेल्या वस्तूकडे बघावं. डबी दिसायला कशी? पेपरमिंटची. चष्मा धातूचा असूनही ज्यानं दयेनं राहू दिला, त्यानं छातीचं औषध काढून घेतलं नसतं. म्हणजे काढून घेताना त्याला ते औषध आहे हे माहीत नव्हतं. खाऊची पत्र्याची डबी, धातू, टाक पिशवीत. इथवर सरळ.

पण मग ती घड्याळ-अंगठीबरोबर परत यायला हवी होती. मेलेल्या म्हाताऱ्याची पेपरमिंटची डबी कोण कशाला लपवेल? जो ती लपवतो, त्याला आत काय आहे हे कळलेलं असतं. आणि कळलं असणार गुरुजी मेल्यानंतर, कारण आधी कळतं तर ती आत दिली असती. गुरुजींचं गुपित लॉजमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मग गोळीकडे बघून कसं कळलं? पांढरी गोळी ती पांढरी गोळी. सिरिल सायकलवर होता. गास्टन वर होता.

रोगिर्सची नजर भिंतीवरच्या इर्माच्या फोटोवर गेली, आणि तो उठून उभा राहिला.

इर्मालाही शेवटी छातीचा त्रास होता. पहिल्यांदा गोळी जिभेखाली ठेवली तेव्हा तिचा चेहरा भट्टीसमोर बसल्यासारखा लाल झाला होता. कपाळ धरून ती म्हणाली होती, आल्बेरिक, छाती सुटली पण डोकं फुटतंय. तेव्हा थिओफिलनंच समजावलं होतं, वहिनी, गुण आहे तो गोळीचा, घाबरायचं नाही. थिओफिल जुन्या वळणाचा औषधवाला. ओळख पटत नसेल ती चीज जिभेवर ठेवून बघायची, ही त्याची बापापासूनची सवय.

सगळे पांढरे पडले असताना एकटा तोच लाल कसा, ते आता रोगिर्सला कळलं. त्याला आनंद झाला नाही. इर्माच्या शेवटच्या दिवसांत रोज येऊन बसणारा तोच एक मित्र होता. हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्यानं टोपी घेतली.

५

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. थिओफिल काउंटरमागे बसून रिकाम्या बाटल्या पुसत होता, पुसलेल्याच पुन्हा.

“कंबर कशी आहे?” त्यानं विचारलं.

“थिओफिल, चव कशी होती त्या गोळीची?”

बाटली त्याच्या हातातून सुटली नाही. त्यानं ती फार जपून खाली ठेवली, आणि पांढऱ्या कोटाच्या आतल्या खिशातून हिरव्या पानांची डबी काढून काउंटरवर ठेवली. इतके दिवस ती त्यानं अंगावरच वागवली होती.

“बरं झालं तू आलास,” तो म्हणाला. “मला वाटलं, कुणी येणारच नाही.”

“मी सांगतो, चुकलं तर थांबव. डबी तू काढून घेतलीस, पेपरमिंट समजून.”

“मी चेष्टासुद्धा केली रे! म्हटलं, गुरुजी, आज गोड नाही, आज फक्त कोरडा पाव. त्यांनी क्षणभर डबी हातात धरली. मला वाटलं, काही बोलणार. पण बोलले नाहीत. दिली. मी विचारलं, अजून काही धातू? तर नाही म्हणून मान हलवली, आणि लहान पोरासारखे हसले. आल्बेरिक, एकदा म्हणायचं की हे औषध आहे! मी औषधवाला! मला सांगायला कसली लाज?”

“मग त्यांनी दार ठोठावलं.”

थिओफिलनं मान खाली घातली. “ते तुला कुणी सांगितलं?”

“उंबऱ्यावरच्या मेणानं. आणि तू वर जाऊन थोडा वेळ लागेल म्हणालास त्यानं. ठोठावल्याशिवाय तू खुर्ची सोडत नाहीस.”

“बसवल्यावर लगेच ठोठावलं. हळूच, जसं सांगितलं होतं तसं. इतक्यात कुणाचं लिहून होतं का? घाई करणाऱ्याला आपण उघडत नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या वेळीही उघडलं नव्हतं. त्या बसून राहण्यातच मला काय ते सापडलं होतं.” तो आता भराभर बोलत होता. “मी मनात म्हटलं, गुरुजी, जन्मभर घाई केलीत, उतावीळपणा केलात. आज बसा. तुमच्या भल्यासाठीच म्हणत होतो. परत ठोठावलं. तसंच, हळू. मी वर जाऊन गास्टनला सांगून आलो. खाली आलो तर सगळं शांत. आणि मला इतका आनंद झाला! वाटलं, बसले एकदाचे. आता बघतायत आत.”

तो रडू लागला. रोगिर्सनं काउंटरवरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

“खूप वेळानं कडी काढली. नंतर पिशवी घ्यायला गेलो तर डबी उघडली गेली. पेपरमिंटचा वास नाही. जिभेवर ठेवली, आणि कपाळात घण पडायला लागले. तेव्हा कळलं, की मी दाराबाहेर औषध मांडीवर घेऊन बसलो होतो.”

“वाचले असते?”

“कोणास ठाऊक. वाचलेही असते. नसतेही. ते मला आता मरेपर्यंत कळणार नाही.”

“डबी लपवलीस कशाला? कायदा तुला काही करणार नव्हता.”

“कायद्याचं कोण बोलतंय! गोडलीव्हला काय सांगू? तुझा बाप दार ठोठावत होता आणि मी बाहेर बसून होतो, असं? त्यापेक्षा हृदय बंद पडलं हे बरं. निदान तिला शांत झोप लागेल, असं वाटलं.”

“तिला झोप लागत नाही, थिओफिल. तिला वाटतं, बापानं डबी कालव्यात टाकली आणि तिच्या बोलण्यावरून जीव दिला.”

थिओफिल उठला. दुकानाच्या दाराची पाटी उलटी केली, पांढरा कोट काढला, काळा चढवला. बटणं लागेनात तशी रोगिर्सनं ती लावून दिली.

“मी बोलू का?” रोगिर्सनं विचारलं.

“नको. मीच बाहेर बसलो होतो.”

६

गोडलीव्हनं सगळं उभ्यानंच ऐकलं. थिओफिलनं काही गाळलं नाही. डबी, चेष्टा, खुर्ची, सगळं सांगितलं. सांगताना तो एकदाही खाली बसला नाही, आणि तिनंही त्याला बस म्हटलं नाही.

“ठोठावलं त्यांनी?” तिनं विचारलं.

“हो.”

“पुन्हा ठोठावलं?”

“हो.”

“म्हणजे त्यांना बाहेर यायचं होतं.”

“हो, पोरी,” रोगिर्स म्हणाला. “जीव द्यायचा असता तर गुरुजी टेबलाशीच बसून राहिले असते. त्यांना गोळी हवी होती. त्यांना घरी यायचं होतं.”

दफनाच्या वेळीही न रडलेली गोडलीव्ह टेबलाची कड धरून रडू लागली. दोघं म्हातारे टोप्या हातात घेऊन उभे राहिले. रोगिर्सला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच आलो होतो. मनावरचा धोंडा उतरला तिच्या. पण जरा वेळानं तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत दुसराच प्रश्न होता. तो प्रश्न येणार, हे तळघरातलं मेण पाहिलं तेव्हापासून रोगिर्स जाणून होता.

“पण ओरडले का नाहीत?”

थिओफिलनं रोगिर्सकडे पाहिलं.

“त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. दार लाथेनं उघडायचे बाबा. एक हाक मारली असती तर तुम्ही उघडलं असतं ना?”

“तत्क्षणी,” थिओफिल म्हणाला. “हळूच ठोठावलं म्हणून तर मला वाटलं...”

रोगिर्सला उत्तर माहीत होतं. छातीत कळ येत असताना गुरुजी मेणबत्ती घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले होते. कुणी उघडेल म्हणून वाट बघत होते, आणि आवाज चढवत नव्हते. अगदी खाली बसताना मेणबत्तीसुद्धा त्यांनी नीट ठेवली होती. ज्या गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं लॉजच्या पायऱ्या झिजवतात, ती त्या माणसाला एका संध्याकाळीत साधली होती. हे तिला सांगावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. मग तिच्याकडे बघून त्याला कळलं की सांगायची गरज नाही.

“मी तुम्हाला माफ केलं, असं म्हणणार नाही,” गोडलीव्ह थिओफिलला म्हणाली.

“म्हणू नका.”

“बसा मात्र. कॉफी टाकते.”

ती चुलीकडे वळली तोच मागच्या अंगणातून किंकाळीवजा आरडाओरडा सुरू झाला. तिची धाकटी मुलगी मार्लेन झोपाळ्यावरून शेजारच्या पोरीशी भांडत होती. ‘माझा आहे! माझा आहे!’ असं ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आवाज थेट आजोबांवर गेला होता. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि एक बाई म्हणाली, “अगो गोडलीव्ह, घरात दुखवटा ना? पोरीला जरा गप्प कर की!”

गोडलीव्हनं आपली खिडकी उघडली. आता ती मुलीला दटावणार, असं रोगिर्सला वाटलं.

“ओरडू दे तिला,” ती म्हणाली.

शेजारणीनं काहीतरी पुटपुटून आपली खिडकी लावून घेतली. गोडलीव्ह मात्र तिथंच उभी राहून ऐकत होती, आणि थंडी आत येत होती तरी तिघांपैकी कुणीही खिडकी लावली नाही.